लाकडं फोडण्याआधी नळी तपासा

खंडेनवमीला आपण अवजारांना हळदकुंकू वाहतो. इथे अमेरिकेत त्याच सुमारास पानगळ सुरू होते आणि फायरप्लेसची लाकडं फोडायला लॉग स्प्लिटर गॅरेजमधून बाहेर येतो. तो सुरू करण्याआधी त्याच्या हायड्रॉलिक नळ्या एकदा नीट पाहून घ्या.

या यंत्रात पंप तेल दाबाखाली रबरी नळीतून सिलिंडरकडे पाठवतो आणि त्या जोरावर ओंडका फुटतो. गाडीच्या टायरमध्ये साधारण ३५ पीएसआय दाब असतो. या नळीत तो २,५०० ते ३,००० पीएसआयपर्यंत जातो. म्हणूनच रबराच्या आत पोलादी तारेचं विणकाम असतं.

तपासताना आधी इंजिन बंद करून गार होऊ द्या. मग लिव्हर पुढे-मागे हलवा, म्हणजे आत अडकलेला दाब उतरतो. आता नळीवर भेगा, फुगवटा, घासून उघडी पडलेली तार आणि टोकाच्या जोडाशी तेलाचा ओलावा आहे का, ते बघा. नळीवरची छापील रेघ सरळ हवी. ती गोल फिरत गेलेली दिसली, तर नळी बसवतानाच पिळली गेली आहे. खराब नळी बदलायचीच, टेप गुंडाळून भागत नाही. नवी घेताना जुनी सोबत न्या. लांबी आणि जोड तेच हवेत, आणि छापलेली दाबक्षमता जुनीपेक्षा कमी नको.

आता सर्वांत महत्त्वाचं. चालू यंत्राची गळती हाताने कधीच चाचपू नका, हातमोजे असले तरीही! सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून निघणारी धार डोळ्यांना दिसत नाही, पण कातडी भेदून तेल आत घुसवते. संशय असेल तर डोळ्यांवर सेफ्टी ग्लासेस लावा आणि दूर उभं राहून लांब काठीला बांधलेला पुठ्ठा नळीजवळ फिरवा. त्यावर तेलाचा डाग उमटेल.

आणि तेल घुसलंच, तर जखम टाचणी टोचल्याएवढीच दिसते. सुरुवातीला फारशी दुखतही नाही. आत मात्र तेल पसरत असतं आणि उशीर झाला तर बोट गमवावं लागू शकतं. हळद दाबून सकाळची वाट पाहू नका. तडक इमर्जन्सीत जा आणि तिथे स्पष्ट सांगा, "हाय प्रेशर इंजेक्शन इंज्युरी."

मंडळी, हे घरातल्या कॉलेजवयीन मुलांनाही सांगा. बऱ्याचदा लाकडं तीच फोडतात.