लेखांक १२ : मराठी छपाईचं सामान कुठल्या पॅकेजात?

सांगलीच्या एका वाचकांनी माझ्या अगदी आवडत्या विषयाला हात घातला आहे आणि तो चार ओळींत उरकणं मला जमणार नाही. ते एका दिवाळी अंकाची मांडणी डेबियन लिनक्सवर झीलाटेकमध्ये करतात. अक्षरं सुरेख उमटतात, पण ओळीच्या शेवटी शब्द तुटतच नाहीत. 'महानगरपालिकेतल्यांसारखे' असा शब्द टोकाला आला की सरळ समासात घुसतो. त्यांनी विचारलं आहे, मराठीला लागणारं सगळं एकाच पॅकेजात का नाही?

मराठी पानाला मुख्यतः तीन गोष्टी लागतात आणि डेबियनमध्ये त्या तीन ठिकाणी ठेवलेल्या आहेत. झीलाटेक ज्यावर चालतं ते झीटेक हे इंजिन 'टेक्सलाइव्ह-झीटेक'मध्ये. टंक फॉन्टच्या विभागात, उदाहरणार्थ 'फॉन्ट्स-लोहित-देवा'. आणि शब्द कुठे तोडायचा याचे नियम 'टेक्सलाइव्ह-लँग-अदर'मध्ये. सांगलीकरांकडे हे तिसरं नव्हतं. ते बसवताना पडदा बराच वेळ एकाच जागी थांबेल; घाबरून बंद करू नका. झीटेक हे नियम दस्तऐवज चालवताना वाचत नाही, ते आधीच तयार करून ठेवलेल्या फॉरमॅट फाइलमध्ये भरलेले असावे लागतात. म्हणून नवी भाषा आली की भाषांची यादी नव्याने लिहिली जाते आणि फॉरमॅट पुन्हा बांधले जातात. लुआटेक हे दुसरं इंजिन हेच नियम ऐनवेळी उचलतं. दोघांच्या स्वभावातला हा फरक मला फार आवडतो.

आता मराठी 'अदर'मध्ये का? थोडं मागे जावं लागेल. टेक्सलाइव्ह या टेकच्या संचाआधी डेबियनमध्ये थॉमस एसर यांचं टेटेक होतं आणि त्याची मोजकीच मोठी पॅकेजं होती. २००६ मध्ये एसर यांनी टेटेक थांबवलं आणि टेक्सलाइव्हकडे जाणं भाग पडलं. नॉर्बर्ट प्राइनिंग यांनी वर्षानुवर्षं ते डेबियनसाठी बांधलं. टेक्सलाइव्हच्या पोटात हजारो चिमुकली पॅकेजं आहेत. मूळ संपादकांनी त्यांचे संग्रह केलेले आहेत: लाटेकची जोड-पॅकेजं, विज्ञान, चित्रं, प्रकाशकांचे साचे, भाषा. डेबियनच्या पॅकेजांच्या सीमा बहुतांशी याच संग्रहांवरून आखलेल्या आहेत.

दुसरी वाट फेडोराने घेतली. फेडोरा १८ पासून तिथे जवळजवळ प्रत्येक चिमुकल्याचं स्वतंत्र पॅकेज झालं. प्रकरणांची शीर्षकं सजवणारी 'टायटलसेक' हवी असेल, तर फाइलचं नाव सांगून तेवढीच मागवता येते. डेबियनमध्ये त्याच एका फाइलसाठी अख्खं 'टेक्सलाइव्ह-लाटेक-एक्स्ट्रा' उतरवावं लागतं. तरी माझं मत डेबियनच्या बाजूने आहे. पॅकेजांची यादी प्रत्येक संगणकाला उतरवावी लागते. ज्याने जन्मात टेक उघडलं नाही, त्यालाही. हजारो नोंदींचं ते ओझं सगळ्यांच्या डोक्यावर कशाला? शिवाय लाटेक वापरणारा आज टायटलसेक मागतो आणि उद्या तिच्या शेजारची दुसरी. जे एकत्र लागतं ते एकत्र बांधावं, हा नियम मला पटतो.

पण हाच नियम भाषांच्या बाबतीत मोडला आहे. पूर्वी 'टेक्सलाइव्ह-लँग-इंडिक' असं वेगळं पॅकेज होतं. पुढे ते 'अदर'मध्ये विलीन झालं. आकार पाहिला तर निर्णय बरोबर, सामान थोडंच आहे. पण शोधणारा माणूस आकार बघत नाही, नाव बघतो. जर्मन, फ्रेंच, पोलिश यांना आपापलं पॅकेज आहे. मराठी, हिंदी, तमिळ शोधणाऱ्याने 'अदर' उघडून बघावं हे त्याला सुचणार कसं? ते नाव परत यावं असं मला मनापासून वाटतं. आतलं सामान 'अदर'मध्येच राहू दे, पण त्याकडे बोट दाखवणारं एक रिकामं पॅकेज ठेवायला काय हरकत आहे? 'टास्क-मराठी-डेस्कटॉप' आहे, पण ते पडद्यावरच्या मराठीची काळजी घेतं, छपाईची नाही.

तोवर असं रिकामं पॅकेज घरीच बनवता येतं. 'इक्विव्ह्ज' नावाची हत्यारं बसवा आणि 'इक्विव्ह्ज-कंट्रोल'ने एक साचा मागवा. त्यात 'पॅकेज' या ओळीत आपलं नाव द्या, रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत. 'डिपेंड्स'मध्ये वरची तिन्ही पॅकेजं स्वल्पविरामाने लिहा. संपादकाच्या आवडीचा एडिटर, जास्तीचे टंक वगैरे 'रेकमेंड्स'मध्ये टाका, म्हणजे नको असलेल्याला ते टाळता येतील. जाडजूड हस्तपुस्तिकांची 'डॉक' पॅकेजं 'सजेस्ट्स'मध्ये, ती आपोआप उतरत नाहीत. मग 'इक्विव्ह्ज-बिल्ड' चालवलं की क्षणात डेब फाइल हातात येते. ती नुसत्या डीपीकेजीने बसवू नका, ते बाकीचं सामान आणून देत नाही. 'एपीटी इन्स्टॉल' म्हणून पुढे टिंब, तिरकी रेघ आणि फाइलचं नाव द्या. अंकाच्या कामाला दुसरा संगणक घेतलात तर हीच फाइल तिथे न्या. आणि काम संपल्यावर हे एक पॅकेज काढून 'ऑटोरिमूव्ह' म्हटलं, की त्याच्या मागे आलेलं आणि इतर कुणाला न लागणारं सगळं सामानही निघून जातं.