बिलाच्या तळाची तीन अक्षरे

आपल्या पेढीच्या बिलाच्या तळाशी, सहीच्या जागेजवळ, 'ई. अँड ओ. ई.' अशी बारीक अक्षरे छापलेली असतात. छापखान्याने ती जुन्या नमुन्यावरून उतरविली आणि आपणही ती तशीच राहू दिली. त्यांचा अर्थ विचारला, तर पुष्कळ जण 'चुका मान्य आहेत' असे सांगतात. घोटाळा नेमका येथेच होतो.

मूळ शब्द आहेत 'एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड'. उच्चाराने जवळचा असलेला 'अ‍ॅक्सेप्टेड' म्हणजे स्वीकारलेले. हा 'एक्सेप्टेड' मात्र वगळलेले या अर्थाचा. दरात वा बेरजेत झालेली चूक म्हणजे 'एरर'; लिहावयाचे राहून गेले ते 'ओमिशन'. म्हणजे, नजरचुकीने काही चुकले वा राहिले असल्यास तेवढे वगळून हे बिल बरोबर समजावे. ती दुरुस्ती करण्याचा हक्क आम्ही राखून ठेवला आहे.

हाच भाव मराठी व्यवहारात 'चू. भू. द्या. घ्या.', अर्थात 'चूकभूल द्यावी घ्यावी', असा लिहिला जातो. इंग्रजी शब्द लिहिणाऱ्याचे रक्षण करतात. मराठी शब्दांत मात्र देणे आधी येते आणि घेणे नंतर. कायद्याचा रोखही तोच आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 72 नुसार चुकून मिळालेली रक्कम परत करावी लागते. जीएसटीच्या बिलात किंमत वा कर जास्त लागला असेल तर क्रेडिट नोट आणि कमी लागला असेल तर डेबिट नोट काढावी लागते. केवळ या अक्षरांवर भागत नाही.

या अक्षरांचे संरक्षण अनवधानापुरतेच आहे. जाणूनबुजून लिहिलेल्या खोट्या आकड्याला त्यांचा आधार नाही. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये 'कूटलेखक्रिया', म्हणजे खोटे लेखन, गणले आहे. नजरचूक आणि कूटलेख यांतील अंतर बिलावरून दिसत नाही; ते लिहिणाऱ्याच्या मनाला ठाऊक असते.

ग्राहकाकडून कमी आलेले शंभर रुपये आपण दुसऱ्याच दिवशी निरोप पाठवून मागतो. जास्त आलेले शंभर रुपये त्याने मागण्यापूर्वी परत पाठवितो का? संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडं' म्हणण्याआधी प्रत्येकाने आपली वही या एका प्रश्नासाठी उघडून पाहावी.