पंचा, काष्टा आणि यंत्राचा स्नायू

आमचे दादा लासलगावच्या बाजार समितीत हमाल होते. गोणी पाठीवर घेण्याआधी ते कमरेचा पंचा सोडायचे, पोट आत ओढून पुन्हा करकचून बांधायचे आणि मगच वाकायचे. लहानपणी एकदा मी कारण विचारलं तर म्हणाले, "कंबर बांधली की पाठ एकटी पडत नाही." पुढे मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले. आता नाशिकला पदविकेच्या मुलांना यंत्ररचना शिकवते. अंगावर घालायच्या रोबोंबद्दल वाचायला लागले, तेव्हा दादांचं ते वाक्य मला नीट कळलं.

अंगावर घालायचा रोबो म्हटलं की डोळ्यांसमोर लोखंडी चिलखत येतं. सुरुवात तशीच झाली होती. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६०च्या दशकात 'हार्डिमन' नावाचा सांगाडा बनवायला घेतला. त्याचं स्वतःचंच वजन सुमारे ६८० किलो, म्हणजे कांद्याच्या तेरा-चौदा गोण्या. माणसाला आत घेऊन तो पूर्ण सांगाडा कधीच चालला नाही. अडचण नुसत्या वजनाची नसते. आपला गुडघा दाराच्या बिजागरीसारखा एका जागी फिरत नाही, फिरता फिरता किंचित सरकतोही. लोखंडी सांध्याचं आणि आपल्या सांध्याचं जुळलं नाही, की सांगाडा पाय भलतीकडे ओढतो आणि कातडी सोलून काढतो.

म्हणून काही जणांनी उलट्या बाजूने विचार केला. हाडं माणसाकडे आहेतच, ती पुन्हा कशाला द्यायची? स्नायूंना तेवढी जोड द्यावी, आणि तीही कापडातून. हार्वर्ड विद्यापीठातले कॉनर वॉल्श आणि त्यांचे सहकारी यावर बरीच वर्षं काम करत आहेत. त्यांच्या सूटमध्ये कमरेला एक पट्टा असतो, मांड्यांना दोन पट्टे आणि मधे तारा. तार अगदी सायकलच्या ब्रेकसारखी: बाहेर नळी, आत तार, एका टोकाला ओढलं की दुसऱ्या टोकाला ओढ बसते. कमरेवरची मोटर ही तार मांडीच्या मागून ओढते, पण नेमकी पाय टेकून शरीर पुढे जायच्या क्षणी. ती वेळ चुकली तर तीच ओढ अडथळा ठरते. २०१९ साली त्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला सूट ५ किलोचा होता. तो घालून चालताना शरीराची ९.३ टक्के आणि धावताना ४ टक्के ऊर्जा वाचली. चालताना कमरेवरचं सात-साडेसात किलोचं ओझं उतरवून ठेवावं, तेवढा हा फरक. अर्धांगवायूनंतर पाऊल ओढत चालणाऱ्या रुग्णांसाठी घोट्याला ओढ देणारा कापडी सूटही याच कामातून पुढे आला. त्याला अमेरिकेत २०१९मध्येच परवानगी मिळाली.

यातला सगळ्यात अवघड भाग मोटरचा नाही, धरण्याचा आहे. तार ओढली की कापड आधी सरकतं, मग मांडीचं मांस दबतं, आणि त्यानंतर उरलेला जोर सांध्याला मिळतो. ते कापड कुठे धरेल? मांसल भाग दबतो, म्हणून कमरेच्या हाडाच्या कडेवर, जिथे आपण परकराची नाडी बांधतो, तिथे मुख्य पट्टा बसवतात. मी हे आईला समजावत होते. आईने चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलं आहे. तिने कापड हातात घेतलं, आधी उभ्या धाग्याने ओढलं, मग कोपरा धरून तिरपं. उभ्याला ते जराही हललं नाही, तिरप्याला बोटभर वाढलं. "ओढ घ्यायची तिथे उभा धागा घाल, अंगाला वळायचं तिथे उरेब काप," ती म्हणाली. प्रयोगशाळेत सूट शिवणारेही हेच करतात: जोर जायच्या वाटेवर न ताणलं जाणारं कापड, बाकी ठिकाणी ताणलं जाणारं. ब्लाउजची बाही बेतणाऱ्या आणि येवल्याला पैठणीचा ताणा भरणाऱ्या हातांना हे ज्ञान आहे. या क्षेत्रात आपल्याकडे काही घडायचं असेल तर ते हात टेबलावर हवेतच, असं मला फार वाटतं.

आता दादांच्या पाठीकडे येते. वाकून २५ किलोचं क्रेट उचललं, तर ते कण्यापासून साधारण अर्धा मीटर पुढे असतं. त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र कण्याच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरवर. पहारीचा हिशोब इथे उलटा लागतो: दहापट आखूड बाजूने ओढायचं, म्हणून दहापट जोर. २५ किलोसाठी स्नायूंना २५० किलोइतकी ओढ द्यावी लागते, शरीराचं वरचं वजन वेगळंच. त्या सगळ्या ओढीने मणके एकमेकांवर दाबले जातात. आता पाठीवरून मांड्यांपर्यंत एक लवचिक पट्टा बांधा. तो स्नायूंपेक्षा आणखी मागे, कातडीच्या बाहेर असतो, म्हणून त्याचा हात लांब पडतो आणि कमी ओढीत जास्त काम होतं. वाकताना तो ताणला जातो, उठताना ती ताकद परत देतो. मोटर नाही, बॅटरी नाही. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे कार्ल झेलिक यांना लहान मुलाला उचलून उचलून पाठदुखी लागली, तिथून त्यांनी हा विचार धरला. त्यांच्या चमूने २०१७ साली आठ जणांवर पहिली चाचणी जाहीर केली. वाकून वजन उचलताना कमरेच्या स्नायूंचं काम १५ ते ४५ टक्क्यांनी कमी झालं होतं. चालताना पट्टा अडू नये म्हणून तो हवा तेव्हा सैल सोडता येतो.

मग लासलगावात हा सूट कुणाला द्यावा? पहिलं उत्तर हमाल. मीही तसंच समजत होते. पण गोणी पाठीवर बसते, आणि सूटचे पट्टेही तिथेच. शिवाय हमालाच्या पाठीला खरी सुटका गोणीचं वजन घटवूनच मिळते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली एका माणसाने हातांनी वाहायचं वजन ५५ किलोच्या आत ठेवायची शिफारस केली. आपल्याकडे हमालांसाठीचा माथाडी कायदा १९६९चा, आणि पोतं हलकं व्हावं म्हणून डॉ. बाबा आढाव आणि पुण्याची हमाल पंचायत वर्षानुवर्षं लढली. १०० किलोचं पोतं ५०चं होणं, एवढा दिलासा देणारा कापडी सूट मला तरी माहीत नाही. सूट आहे म्हणून गोणी पुन्हा जड करायचं कुणी म्हणालं, तर मी पहिली विरोधात उभी राहीन.

माझं उत्तर आहे कांदे लावणाऱ्या बाया. माझी मावशी डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याच्या लागवडीला जाते. सकाळी वाफ्यात शिरते ती जेवणापुरतीच ताठ होते. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताने एकेक रोप चिखलात खोचायचं. तिच्या हातात ओझं काहीच नसतं, पण वाकलेलं धड हेच ओझं, आणि ते दिवसभर.

गेल्या हंगामात आई आणि मी मिळून तिच्यासाठी एक पट्टा शिवला. पहिल्याच दिवशी तो फसला. जगातले बहुतेक सूट पँट घातलेल्या माणसासाठी बेतलेले असतात. मांडीचा पट्टा साडीवर बांधला की गुळगुळीत कापडावरून तो तासाभरात वर चढायचा. त्याहून वाईट म्हणजे लघवीला जायचं तर चिखलाच्या हातांनी चार बक्कलं सोडायची. मावशीने दुपारी तो काढून बांधावर ठेवला. आमच्या घरात तीन बायका असून हे आधी सुचलं नाही, याची मला खंत वाटली.

मार्ग आजीच्या नऊवारीने दाखवला. काष्टा पायांमधून मागे येऊन कमरेत खोचलेला असतो आणि बसा, उठा, वाका, जागचा हलत नाही. आमचा नवा खालचा पट्टा त्याच वाटेने जातो आणि मागे एकाच आकड्यात अडकतो. वरचा भाग वेगळा शिवलाच नाही. शेतात सगळ्याच बाया साडीवर जुना पुरुषी शर्ट घालतात, त्याच्याच पाठीत उभ्या धाग्याची दुहेरी पट्टी टाकली. वाकून लावताना मावशीला आता तो धरतो. उकिडवं बसून लावताना मात्र त्याचा उपयोग होत नाही, कारण तिथे भार गुडघ्यांवर जातो.

तिच्या टोळीतल्या बायांनी एक प्रश्न विचारला तो माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे: "हे घातल्यावर मुकादम जास्त वाफे मागंल का?" लागवड उक्ती असली की एकरामागे पैसे, मग वेग वाढला तर कमाई त्यांची. रोजाने असली तर प्रश्न खरा आहे, आणि तो आधी त्यांच्याशीच बोलून सोडवायचा आहे.

आत्ता आई चौथा शर्ट उसवते आहे. मावशीचा निरोप आलाय: आकडा उजवीकडे घ्या, डाव्या हातात जुडी असते, आणि खांद्यावरची शिवण काचते, तिथे उरेब टाका.