मेंदूची पट्टी वाचताना

नाकाच्या मुळाशी जिथं बोटाला खळगा लागतो, तिथून टेप धरायचा. डोक्यावरून मागं नेत कवटीचा जो उंचवटा मानेच्या वर हाताला लागतो, तिथपर्यंत अंतर मोजायचं. त्याच्या निम्म्यावर मेणाच्या पेन्सिलीनं खूण करायची आणि तिथून पुढंमागं दहा टक्के, वीस टक्के अशा अंतरांवर बाकीच्या खुणा. मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पुन्हा तेच. हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ साली मांडलेली ही 'दहा-वीस'ची पद्धत सगळ्या जगात पाळली जाते. प्रत्येक खुणेवर एक लीड, म्हणजे मेंदूतली वीज टिपणारी तार, बसते. डाव्या बाजूच्या लीडला विषम आकडा, उजव्या बाजूच्या लीडला सम. त्यामुळे मिरजेत काढलेला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, कुठल्याही देशातला न्यूरॉलॉजिस्ट तसाच वाचू शकतो.

मी ईईजी टेक्निशियन आहे. पेशंटच्या भाषेत, डोक्याची पट्टी काढणारी ताई. आदल्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन या, तेल लावू नका, असं आम्ही चिठ्ठीवर लिहून देतो. तरी निम्मी मुलं तेल चोपडूनच येतात, कारण दवाखान्यात न्यायचं लेकरू नीटनेटकं दिसावं अशी आईची इच्छा असते. मग कापसानं एकेक जागा घासून काढायची, पेस्ट भरायची, लीड बसवायची. घाई चालत नाही. मेंदूतून त्वचेपर्यंत पोचणारा विजेचा दाब मायक्रोव्होल्टच्या दहांच्या घरातच असतो, म्हणजे व्होल्टच्या लाखाव्या हिश्शाच्या आसपास. एखादी लीड सैल राहिली की मेंदूच्या लहरींवर खोलीतली वीजच स्वार होते.

रेकॉर्डिंग सुरू झालं की आधी दिसतो तो गोंधळ. पापणी हलली की कपाळावरच्या रेघा मोठी झेप घेतात. दात आवळले की कानशिलाच्या लीडवर काळं गवत उगवतं. हे काहीच मेंदूचं नसतं. कुठली रेघ डोळ्याची, कुठली स्नायूची, कुठली घामाची, हे ओळखणं हे या कामातलं निम्मं शिक्षण. मग पेशंटला सांगायचं, "डोळे मिटा, अंग सैल सोडा." आणि डोक्याच्या मागच्या भागातून, सेकंदाला आठ ते तेरा अशा वेगानं, एकसारख्या लाटा यायला लागतात. ही अल्फा लय. "डोळे उघडा" म्हटलं की ती विरते. इतकी वर्षं हे बघतेय, तरी त्या क्षणी माझी नजर पडद्यावरून हटत नाही.

ही लय प्रथम पकडली ती जर्मनीत, येना इथं. मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूची पहिली नोंद घेतली. स्वतःची खात्री पटायला पाच वर्षं घालवली आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली. तरुणपणी सैन्यात असताना ते घोड्यावरून पडून मरता मरता वाचले होते. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या बहिणीला भावाचं काहीतरी वाईट झालंय असं वाटलं आणि वडिलांची तार आली. मनातलं मनाला कसं कळतं, या प्रश्नानं बर्गरना आयुष्यभर पछाडलं. हाती लागली ती मात्र डोळे मिटल्यावर येणारी आणि उघडल्यावर जाणारी लाट. मन वाचायला निघालेल्या माणसाला मेंदूची अवस्था सापडली. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण माझ्या टेबलाशी येणारे बहुतेक लोक अजूनही बर्गर यांचाच पहिला प्रश्न घेऊन येतात.

"ताई, पोरगं हुशार हाय का, ते कळतंय का ह्यात?" हा प्रश्न बाप मंडळींचा. आया हळू आवाजात विचारतात, "लई हट्टी आहे हो, डोक्यात काही आहे का बघा." अलीकडं काही जण अल्फा वाढवून देणाऱ्या क्लासचं पत्रकही दाखवतात. मी त्यांना पडदाच दाखवते. मुलानं डोळे मिटले, अल्फा आली, उघडले, गेली. जी गोष्ट पापणीसरशी येते-जाते, तिच्यावर पोराची अक्कल कशी मोजायची?

पण रेघांत माणसाचं स्वतःचं काहीच नसतं, असंही नाही. प्रत्येकाच्या अल्फाचा वेग थोडा वेगळा असतो आणि प्रौढपणी वर्षानुवर्षं जवळपास तोच राहतो. एकसारख्या जुळ्यांच्या पट्ट्यांत चकित करणारं साम्य असतं, हे १९३०च्या दशकापासून माहीत आहे. म्हणजे छाप आहे. प्रश्न त्या छापेवरून स्वभाव नि बुद्धी वाचता येते का, हा आहे.

त्याचं उत्तर शोधायचे मोठे प्रयत्न झाले. अमेरिकेत रिचर्ड हायर यांनी १९८८ साली आठ जणांना बुद्धिमापनाची आकृतिकोडी सोडवायला देऊन पेट स्कॅन काढले. अपेक्षा अशी की हुशार मेंदू जास्त राबत असेल. निघालं उलटं: ज्यांना जास्त गुण, त्यांच्या मेंदूनं ग्लुकोज कमी जाळलं. १९९२ साली त्यांनीच टेट्रिस या खेळाचा सराव करवून पाहिलं. हात बसला तसा खप उतरला. मेंदूचं काटकसरीपण म्हणजे बुद्धी, असा विचार त्यातून पुढं आला. पुढच्या अभ्यासांत मात्र प्रश्न खूप अवघड केला की हे चित्र टिकेना. तिथं हुशार मंडळींचे मेंदू उलट जास्त जोर लावताना दिसले. स्वभावाचंही तसंच. अंतर्मुख माणसांचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, हे मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांचं १९६७ सालचं म्हणणं ईईजीवर पुष्कळांनी तपासलं. निकाल एका दिशेचे आले नाहीत. २०२२ साली 'नेचर'मध्ये सुमारे पन्नास हजार लोकांच्या स्कॅनवर आधारित अभ्यास आला. मेंदूची रचना किंवा हालचाल आणि बुद्धी-स्वभाव यांच्यातले धागे खरे आहेत, पण इतके बारीक की ते विश्वासानं दिसायला हजारो माणसं लागतात, असा त्याचा निष्कर्ष. हजारोंच्या सरासरीत जेमतेम दिसणारी गोष्ट माझ्या टेबलावरच्या एका मुलाबद्दल काय सांगणार?

मग या पट्टीचा स्वभावाशी संबंध कुठं येतो? येतो, आणि फार जवळून येतो.

तिसरीतली एक मुलगी आली होती. शाळेचा शेरा: लक्ष नसते, स्वप्नाळू आहे, अभ्यासात मागे. आईनं पिशवीतून श्रुतलेखनाची वही काढून दाखवली. अक्षर वळणदार. पण जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात मधलेच दोन-तीन शब्द गायब, पुढचं वाक्य पुन्हा नीट. त्याबद्दल तिनं मारही खाल्ला होता.

पट्टीची सुरुवात अगदी निरोगी होती. मग तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, तो भाग आला. लहान मुलांच्या हातात मी कागदी भिंगरी देते आणि ती फिरती ठेवायला सांगते. ती मन लावून फुंकत होती. दुसऱ्या मिनिटाला भिंगरी थांबली आणि त्याच क्षणी पडद्यावर, सगळ्याच्या सगळ्या रेघांवर एकदम, टोकदार स्पाईक आणि पाठोपाठ गोल लाट, सेकंदाला तीन. मी मोठ्यानं म्हटलं, "पोपट!" डोळे उघडे, पापण्या किंचित फडफडताहेत, चेहरा कोरा. दहा-बारा सेकंदांनी लाटा जशा आल्या तशा बंद झाल्या आणि मुलीनं पुन्हा फुंकायला सुरुवात केली. मध्ये काही झालंच नव्हतं जणू. "बाळा, मी आत्ता कोणता शब्द बोलले?" तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. आई म्हणाली, "अशीच करते ती. घास तोंडापाशी नेते आणि थांबते. मला वाटायचं, नखरे करते."

निदान सांगणं माझं काम नाही. ते डॉक्टरांनी सांगितलं. ॲबसन्स एपिलेप्सी. अंग झटकत नाही, फेस येत नाही, म्हणून घरी कुणाला फिट वाटतच नाही. दिवसात असे झटके डझनांनी येऊ शकतात. वहीतल्या रिकाम्या जागा म्हणजे तेच झटके होते. यावर इथोसक्सिमाइड, व्हॅल्प्रोएट अशी चांगली औषधं आहेत. झटके थांबल्यावरही काही मुलांना लक्ष टिकवायला त्रास होतो, तेव्हा पुढं अभ्यासाकडं बघावं लागतंच; पण 'मंद' आणि 'स्वप्नाळू' हे शब्द तिला लावायचा कुणालाच अधिकार नव्हता.

दुसरी आठवते ती कॉलेजातली. दोन आठवड्यांत झोप उडालेली, आरडाओरडा, शिव्या. घरचे म्हणत होते, मुलीचा स्वभावच फिरला. देवऋषी झाला होता, मग मानसिक आजाराच्या गोळ्या. पट्टीत अल्फाच्या जागी संथ, रुंद डेल्टा लाटा. तान्ह्या बाळात किंवा गाढ झोपेत त्या असायच्याच, जाग्या तरुण माणसात नव्हे. पुढच्या तपासण्यांत निघालं की तिच्याच शरीरातल्या प्रतिपिंडांनी मेंदूवर हल्ला केला होता. या आजाराचं नेमकं कारण २००७ साली जोसेप डालमाऊ यांच्या गटानं दाखवलं. त्याआधी अशा किती मुली वेड्या ठरल्या असतील, या विचारानं जीव कासावीस होतो. काही महिन्यांनी ती पुन्हा पट्टीला आली तेव्हा लय जागेवर आली होती. लीड लावताना तिनं खाली बघत विचारलं, "ताई, मी तुम्हाला तेव्हा काही वाईटसाईट बोलले का?"

शिक्षकांशी बोलायची संधी मिळाली की मी एवढंच सांगते. एखादं मूल वाक्याच्या मधेच थांबलं, तर ओरडायच्या आधी त्याच्या खांद्याला हात लावून बघा. विचारात हरवलेलं मूल स्पर्शासरशी दचकून भानावर येतं. झटका आलेलं येत नाही. काही सेकंदांनी आपोआप परततं आणि मधलं काही आठवत नाही. असं दिवसात वरचेवर दिसलं, तर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून आईवडिलांना द्या. डॉक्टरांना त्या व्हिडिओचा फार उपयोग होतो.