नाणेघाटात भेटू

मुंबईचा मामा आणि पुण्याची मावशी यांनी मुलाबाळांसह दोन दिवस कुठंतरी एकत्र काढायचे ठरवलं, की नकाशावर बोट लोणावळ्यावर पडतं. दोन्हीकडून सोयीचं म्हणून सगळे तिथंच जातात आणि निम्मा शनिवार घाटातल्या गाड्यांच्या रांगेत सरतो. अशा दोन घरांसाठी जुन्नर तालुक्यात एक फार जुनी भेटीची जागा आहे. कोकणातून घाट चढून आलेला माणूस आणि देशावरून आलेला माणूस तिथं किमान दोन हजार वर्षांपासून भेटत आले आहेत. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून निघालेला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा आणि पुढं पैठणला जायचा. आजही मुंबईच्या मंडळींनी खालून चढून यावं, पुण्याच्या मंडळींनी गाडीनं वर यावं आणि डबे घाटमाथ्यावर उघडावेत, अशी ही जागा आहे.

खालची वाट वैशाखऱ्याजवळून सुटते. कल्याणहून मुरबाड, टोकावडेमार्गे माळशेजकडं जाणारी एसटी धरायची आणि वैशाखऱ्याच्या पुढं उतरायचं. आधी पाऊण-एक तास झाडीतली सरळ चाल, मग चढ. रमतगमत गेलं तरी तीन तासांत माथा येतो. शेवटच्या टप्प्यात पायाखाली दगडी फरसबंदी लागते, अनेक ठिकाणी झिजून गुळगुळीत झालेली. वाटेच्या कडेला कातळात कोरलेली पाण्याची टाकी दिसू लागतात. कॉलेजातली पोरं आणि पायांत बळ असलेले काका-काकू यांच्यासाठी ही वाट उत्तम. गुडघे दुखणाऱ्या आजीनं आणि कडेवरच्या बाळानं जुन्नरहून आपटाळे, घाटघर करत गाडीनं यावं. जुन्नरपासून तीसेक किलोमीटरचा रस्ता थेट माथ्यावर येतो आणि तिथून गुहा पाच-दहा मिनिटांच्या उतारावर आहे. गिरिभ्रमणाचं एवढं मोठं ठिकाण आणि म्हाताऱ्या माणसालाही हात धरून नेता येतं, असं सह्याद्रीत फार ठिकाणी होत नाही.

या गुहेत घाई करू नये. चौकोनी दालन, भिंतींना लागून बसायला कोरलेले ओटे आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतल्या लांबच लांब ओळी. हा सातवाहन राणी नागनिकेचा लेख, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. सातकर्णी राजाच्या काळात झालेल्या अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची ही नोंद आहे. गायी, घोडे, हत्ती, नाणी, सगळं मोजून लिहिलेलं. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज वर नावं उरली आहेत आणि खाली कुठंकुठं पावलांचे अवशेष. सिमुक, सातकर्णी, नागनिका ही नावं अभ्यासकांना तिथंच वाचता आली. महाराष्ट्राच्या इतिहासात नावानिशी बोलणारी पहिली मोठी राणी या भिंतीवर भेटते, आणि ती रहदारीच्या वाटेवर भेटते, राजवाड्यात नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपली मोजदाद तिनं रोज शेकडो लोक जातील अशा जागी कोरून ठेवली.

मुलांना इथं आकडे शोधायला लावावेत. दानाची संख्या अंकांत लिहिली आहे आणि भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत नाणेघाटाचं नाव घेतलं जातं. शून्य अजून आलेलं नाही. दहासाठी वेगळं चिन्ह, शंभरासाठी वेगळं, हजारासाठी वेगळं. चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडायचं. चौथी-पाचवीतल्या मुलाला स्थानिक किंमत शाळेत रटाळ वाटत असेल, तर ती नसताना लोक काय करत होते ते या भिंतीपाशी समजावून सांगा. तो ऐकतो.

गुहेतून वर आलं की घाटाच्या तोंडाशी दगडात घडवलेला मोठा रांजण आहे. व्यापारी जकातीची नाणी यात टाकत, असं परंपरा सांगते. एका बाजूला नानाचा अंगठा हा कडा, समोर जीवधन किल्ला आणि त्याला लागून वानरलिंगीचा सुळका. पावसाळ्यात कड्यावरून पडणारं पाणी वाऱ्याच्या जोरानं उलटं वर उडतं आणि ते पाहायला जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी एवढी गर्दी लोटते, की घाटघरच्या अरुंद रस्त्यावर गाड्या हलत नाहीत. धुक्यात कड्याची कडा दिसत नाही, खडक निसरडे असतात, आणि धोका वाढला की प्रशासन रस्ता बंदही करतं. घरच्या सगळ्यांना घेऊन जायचं असेल तर ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ निवडा. गवत सोनेरी झालेलं असतं, टाक्यांत पाणी असतं, खाली कोकण स्वच्छ दिसतं आणि लेख वाचायला पुरेसा उजेड असतो.

जुन्नरचा हा पश्चिम भाग महादेव कोळी समाजाचा. पावसाळ्यात भातशेती आणि उन्हाळ्याच्या तोंडावर बाळहिरडा गोळा करून वाळवून विकणं, यांवर इथली घरं चालतात. आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर घाटघरात घरगुती जेवण मिळतं. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, भात. दहा-बारा माणसांचं जेवण सांगितलं, तर त्या घरात त्या दिवशी चार पैसे जास्त येतात. सरकारनं २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. त्या घोषणेचा अर्थ घाटघरच्या चुलीपर्यंत पोचायचा असेल, तर गाडीतले चिवड्याचे पुडे गाडीतच राहू द्यावेत.

परतताना पूर गावी कुकडेश्वराचं जुनं दगडी मंदिर लागतं. कुकडी नदीचा उगम इथलाच. पुढं माणिकडोह धरणाचं पाणी आणि त्यावर चावंडचा किल्ला. चावंडवर कातळात ओळीनं कोरलेली सात टाकी आहेत. पण एका दिवसात जीवधन, चावंड आणि हडसर उरकण्याचा हट्ट धरणाऱ्या मित्रांना तिथंच थांबवा. ते वेगळ्या सहलीचं काम आहे.

खुद्द जुन्नर शहराभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत. एका गावाभोवती एवढी लेणी देशात क्वचितच आढळतील. तरी बहुतेक लोक लेण्याद्रीचा गणपती करून पुढच्या अष्टविनायकाकडं पळतात. ही लेणी बौद्ध भिक्षूंची. राजांनी खोदवलेली फार थोडी. ती कुणी दिली, हे तिथल्या लेखांत लिहिलेलं आहे आणि ती यादी वाचताना जुन्नरचा जुना बाजार डोळ्यांपुढं उभा राहतो. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे संघटनेनं, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींकडं दानाची रक्कम ठेव म्हणून सोपवलेली आहे. गत कुळातल्या इरिल नावाच्या यवनानं दोन टाकी खोदवली. चित नावाच्या दुसऱ्या यवनानं संघाला भोजनमंडप दिला, म्हणजे जेवायला बसण्याची जागा. आदुथुम नावाच्या एका शकानं शेतजमिनीचं उत्पन्न लावून दिलं, ते करंजाची आणि वडाची झाडं लावण्यासाठी.

पाणी, सावली, जेवायला जागा. समुद्रापलीकडून किंवा खैबरपलीकडून आलेली ही माणसं कुकडीच्या काठी स्थिरावली, कमावती झाली, आणि दान करायची वेळ आली तेव्हा त्यांनी दमून आलेल्या माणसाला काय लागतं याचा विचार केला. जुन्नरला लोकांनी सवडीनं जावं असं मी म्हणतो, ते मुख्यतः या लेखांमुळं. आपण आज प्रवासात जे शोधतो तेच इथं कुणीतरी दगडात कोरून दिलेलं आहे, आणि देणाऱ्याच्या नावासह. म्हणूनच त्या टाक्यांत तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या पाहिल्या की संताप येतो. मुलांच्या हाती एक रिकामी पिशवी द्या आणि आपला कचरा तर आणाच, दुसऱ्याच्या दोन बाटल्याही आणा.

लेण्याद्रीला पायऱ्या तीनशेच्या घरात. डोलीची सोय असते. माकडं धीट आहेत, तेव्हा हातात खाऊ दिसू देऊ नये. गिरिजात्मज ज्या दालनात आहे ते मुळात भिक्षूंचं विहार. भोवती राहण्याच्या वीस खोल्या आणि मधल्या एवढ्या मोठ्या जागेत एकही खांब नाही. दर्शन झाल्यावर शेजारचं सहा क्रमांकाचं चैत्यगृह जरूर पाहावं. खांबांच्या माथ्यावरचे हत्ती, सिंह पाहायला दोन मिनिटं मान वर करावी लागते, तेवढंही पुष्कळ जण करत नाहीत. शांतता हवी असेल तर शहराच्या पश्चिमेला तुळजा लेणी गाठा. तिथलं चैत्यगृह गोल आहे. मधोमध स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांबांचं कडं आणि वर घुमटासारखं छत. असं गोल चैत्यगृह पश्चिम भारतातल्या लेण्यांत फार दुर्मिळ.

शिवनेरीबद्दल मराठी माणसाला नव्यानं काही सांगायला नको. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख प्रत्येक घराला पाठ आहे. सात दरवाजे ओलांडत, शिवाईला हात जोडून, अंबरखान्यावरून जन्मस्थानाच्या इमारतीपाशी पोचलं की लहान मुलंही आपोआप हळू बोलू लागतात. शिवजयंतीच्या दिवशी तिथला उत्साह अनुभवण्यासारखा असतो, पण घरच्यांना घेऊन नीट पाहायचं तर तो दिवस सोडून जावं आणि सकाळी लवकर चढावं. दोन गोष्टी मात्र चुकवू नयेत. शिवाई मंदिराच्या मागं कातळात लेणी आहेत, म्हणजे किल्ला होण्याआधी कित्येक शतकं या डोंगरात भिक्षू राहत होते. आणि वर एक कोळी चौथरा आहे. मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांचा तिथं शिरच्छेद झाल्याचं सांगितलं जातं. आदल्या दिवशी घाटघरात ज्यांच्या घरी जेवलात त्यांच्या पूर्वजांची ही आठवण आहे, हे मुलांना सांगायला हवं.

किल्ल्यावर आणि लेण्यांत आग्या मोहोळं असतात. धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा, तिन्ही टाळा. सबंध तालुक्यात ऊस वाढला तसा बिबट्याही उसात राहू लागला आहे. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रच आहे. तेव्हा शेताकडेच्या मुक्कामी अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं सोडू नये आणि रात्रीच्या शतपावलीला हातात बॅटरी घेऊन सगळ्यांनी मिळून जावं.

एक शुक्रवार रजा काढता आली तर सहलीची सुरुवात नारायणगावजवळच्या खोडदपासून करा. तिथं जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांतल्या चौदा मध्यभागी आणि सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ती उभारली. एवढी प्रचंड तबकडी वाऱ्यात टिकावी आणि खर्चही आटोक्यात राहावा म्हणून तिचा पृष्ठभाग भरीव पत्र्याऐवजी पोलादी तारांच्या जाळीचा केला. जाळीतून वारा निघून जातो, लांब तरंगलांबीच्या रेडिओ लहरी मात्र परावर्तित होतात. जागा जुन्नर भागातली निवडली, कारण शहरांचा रेडिओ गोंगाट इथं कमी आणि भोवती डोंगरांचा आडोसा. साहजिकच आत मोबाईल बंद ठेवावे लागतात. आधी परवानगी घेतलेल्यांना शुक्रवारी दुर्बीण पाहता येते. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, इथं विज्ञान प्रदर्शन भरतं आणि जिल्ह्याभरातून शाळकरी मुलं येतात. नववी-दहावीतल्या भाच्याला किल्ल्यांचा कंटाळा येत असेल, तर त्याच्यासाठी एवढं एक ठिकाण पुरे.

मार्चमध्ये आलात तर नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागलेल्या दिसतील. तमाशा कलावंत विठाबाईंचं हे गाव. गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावचे यात्रेचे कारभारी इथं येऊन सुपारी ठरवतात. शेजारीच टोमॅटोचा मोठा बाजार. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याच्या कडेला बागेतली ताजी द्राक्षं पेट्यांनी मिळतात.

जेवायला मासवडी मागा. नावात मास असलं तरी ती पूर्ण शाकाहारी. बेसनाच्या शिजवलेल्या पोळीत तीळ, सुकं खोबरं, लसूण, कांद्याचं खमंग सारण गुंडाळायचं, वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्शाबरोबर बाजरीच्या भाकरीनं खायच्या. ऐन वेळी हॉटेलात मागितली तर ती संपलेली असू शकते, आणि दहा जणांची करायला वेळ लागतो. म्हणून सकाळी शिवनेरी चढायला लागण्याआधीच फोन करून ताटं सांगून ठेवावीत, लहान मुलांसाठी रस्सा कमी तिखट करायलाही तेव्हाच सांगावं.