परदेशांत भरलेल्या कराची वळती

पुण्यामुंबईच्या अनेक सुशिक्षित कुटुंबांत आतां अमेरिकन कंपन्यांचे थोडेबहुत शेअर असतात. कोणास ते नोकरीच्या मोबदल्यांत मिळालेले असतात, कोणीं ते स्वतः विकत घेतलेले असतात. त्यांवरील लाभांश हातीं येण्यापूर्वींच अमेरिकेनें त्यांतून आपला कर कापून घेतलेला असतो. आणि शेअरचा मालक भारताचा रहिवासी असल्यामुळें भारत सरकारही त्याच लाभांशावर कर मागतें. दोन्ही मागण्या आपापल्या जागीं रास्त आहेत. एका देशांत उत्पन्न पिकलें, दुसऱ्यांत त्याचा धनी राहतो. परंतु दोघांनींही आपापला वाटा पुरता वसूल केला, तर धन्याच्या पदरीं निम्मेंच उरावयाचें.

ह्यावरील उपाय शंभर वर्षांहून जुना आहे. परदेशीं भरलेला कर स्वदेशींच्या करांतून वळता करून देण्याची सोय अमेरिकेनें आपल्या १९१८ च्या महसूल कायद्यांत केली. परंतु परदेशांतील कर जबर असला म्हणजे ही वळती स्वदेशांतील उत्पन्नावरचा करही खाऊन टाकूं शकते. म्हणून १९२१ मध्यें तिला मर्यादा घालण्यांत आली. करदात्यांची आजची बहुतेक फसगत ह्या मर्यादेपाशींच होते.

भारतांत १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यानें ही वळती दोन कलमांनीं दिली: ज्या देशाशीं करार आहे त्याच्यासाठीं कलम ९०, ज्याच्याशीं नाहीं त्याच्यासाठीं कलम ९१. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नास २०२५ चा नवा कायदा लागू होतो. त्यांत कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तत्त्व तेंच आहे.

श्रोत्यांनीं कागद-पेन्सिल जवळ घेतल्यास पुढील हिशेब सोपा जाईल. समजा, लाभांश १०० डॉलर आहे. भारत व अमेरिका ह्यांच्यामधील १९८९ च्या कराराप्रमाणें व्यक्तीच्या लाभांशावर अमेरिकेनें शेंकडा २५ हून अधिक कर घ्यावयाचा नाहीं. हातीं ७५ डॉलर येतात, आणि पहिली चूक येथेंच होते: विवरणपत्रांत ७५ मांडले जातात. मांडावयाचे ते पुरते १००. त्यांवर भारताचा कर ३० डॉलर होत असेल, तर २५ वळते होऊन ५ च भरावे लागतात. पण भारताचा कर २० होत असेल, तर वळतीही २० चीच मिळते. उरलेले ५ भारत सरकार परत देत नाहीं, कीं पुढील वर्षाच्या खात्यावर ओढूंही देत नाहीं. अमेरिका आपल्या करदात्यांस अशी जादा रक्कम मागें एक वर्ष व पुढें दहा वर्षें नेऊं देते. भारतीय कायद्याचा हात येथें आखडता आहे.

दलालाकडे ‘डब्ल्यू-८ बीईएन’ हा फॉर्म भरून दिलेला नसेल, तर अमेरिकेंत २५ ऐवजीं ३० कापले जातात. हे वरचे ५ कराराबाहेरचे. ते भारतांत जमेस धरले जात नाहींत. ते अमेरिकन खात्याकडूनच परत मागितले पाहिजेत, आणि पांच डॉलरांसाठीं तेवढा पत्रव्यवहार कोण करतो!

वळती आपोआप मिळत नाहीं. ती मागावी लागते. २०२५-२६ च्या उत्पन्नासाठीं विवरणपत्राखेरीज फॉर्म ६७ भरावयाचा असतो, आणि विवरणपत्र मुदतींत दिलें असल्यास त्या फॉर्मची अखेरची तारीख ३१ मार्च २०२७ ही आहे. कापलेल्या कराचे रुपये करतांना कर कापला त्याच्या आदल्या महिन्याच्या अखेरचा स्टेट बँकेचा टी.टी. खरेदी दर घ्यावयाचा. कर जुलैंत कापला असेल, तर दर ३० जूनचा.

पुरावा म्हणून अमेरिकेंतून ‘१०४२-एस’ हा दाखला येतो. पण तो जानेवारी ते डिसेंबरचा असतो, आणि भारतीय वर्ष एप्रिल ते मार्चचें. २०२५ च्या दाखल्यांतील पहिल्या तीन महिन्यांचा कर २०२४-२५ मध्यें जातो. म्हणून दाखल्यावरची एकूण बेरीज जशीच्या तशी उतरून न घेतां, दलालाच्या मासिक पत्रकांवरून प्रत्येक लाभांशाची तारीख लावून घ्यावी लागते.