लक्ष्मीबाई केळकर आणि स्त्रियांचे शारीरिक शिक्षण

लक्ष्मीबाई केळकर (१९०५–१९७८) यांच्या कार्याची चर्चा बहुधा राजकीय अंगानेच होते; व्यायामाचे अंग मागे राहते. नागपूरच्या माहेरवाशीण लक्ष्मीबाईंना वर्ध्यास सासरी १९३२ साली वैधव्य आले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ केवळ पुरुषांसाठी असल्यामुळे, डॉ. हेडगेवारांशी विचारविनिमय करून, त्यांनी १९३६ च्या विजयादशमीस वर्ध्यास राष्ट्र सेविका समिती स्थापिली. स्त्रियांच्याच व्यवस्थेखाली मुलींना दंड व संचलन शिकविले जाऊ लागले. विधवेने घराबाहेर पडणेच जेथे टीकेस पात्र ठरे, तेथे हे धाडस सामान्य नव्हे. मात्र येथील व्यायामाचे साध्य निव्वळ आरोग्य नव्हते. आत्मसंरक्षण व राष्ट्रकार्य यांस तो वाहिलेला होता. शाळेतील शारीरिक शिक्षणाहून त्याची जात म्हणूनच वेगळी. लक्ष्मीबाई अखेरपर्यंत समितीच्या प्रमुख संचालिका होत्या.